आधी पाणी, मग पत्रा, मग गाडी

क्राइस्टचर्च, न्यूझीलंड
रविवार, रात्र

प्रिय पंत,

तुझा निरोप मिळाला, फोटोही मिळाले. तू घ्यायची म्हणतोस ती 1998 ची मित्सुबिशी डेलिका व्हॅन, स्पेस गिअर, 2.8 टर्बो डिझेल, ऑटोमॅटिक, वर काचेचं छप्पर. माझ्या गाडीची सख्खी धाकटी बहीणच म्हणायची. लगेच फोन उचलला होता, पण म्हटलं, हे फोनवर निम्मं सांगून होईल आणि निम्मं राहील. जे राहील तेच नेमकं महागात पडेल. म्हणून पोरं झोपल्यावर लिहायला बसलोय. शनिवारी टिमारूला गाडी बघायला जायच्या आधी हे सगळं वाच आणि वहिनींनाही वाचायला दे. पैसे दोघांचे आहेत.

तुला आंबा घाटातली ती वडाप आठवते का? रत्नागिरीहून परत येत होतो, शेवटच्या वर्षाची सुट्टी होती. साखरप्याला ड्रायव्हरमामांनी गाडी बाजूला घेतली. आपण चहा चहा करत होतो आणि मामा मात्र बॉनेट उघडून उभे. रेडिएटरच्या झाकणावर ओलं पोतं टाकलं, अर्धा आटा फिरवला, वाफ जाऊ दिली, मग उरलेला अर्धा. वर लागलं तर असू दे म्हणून विहिरीचं पाणी कॅनमध्ये भरून घेतलं. मागून कुणीतरी ओरडलं, "मामा, उशीर होतोय." ते वळूनसुद्धा न बघता म्हणाले, "पाणी बघितल्याबिगर घाट चढायचा न्हाई." सात वर्षं ही गाडी वापरून मला जे कळलं, ते सगळं त्या वाक्यात आहे. आणि ते मला आधीपासून ठाऊक होतं याचंच वाईट वाटतं.

मी 1997 ची घेतली तेव्हा ती 2,14,000 किलोमीटर पळालेली होती. साडेसात हजार डॉलर दिले. बघायला गेलो तेव्हा मी काय बघितलं? सीटा बघितल्या. मागची सीट आडवी पाडून पोरं झोपतील का ते बघितलं. छपरातल्या काचांमधून आभाळ बघितलं. आणि तो छोटा दांडा, ज्यावर 2एच, 4एच लिहिलेलं असतं, तो पुढेमागे करून खूश झालो. खाली वाकलो नाही. खाली वाकायला हवं होतं.

या गाडीला मागच्या लोकांसाठी वेगळा हीटर असतो. त्याला इंजिनातलं गरम पाणी लागतं, म्हणून पत्र्याखालून धातूच्या नळ्या थेट मागेपर्यंत गेलेल्या आहेत. पंचवीस वर्षं पाऊस, चिखल, समुद्राची हवा खाऊन त्या बाहेरून गंजतात. यात गाडीला दोष द्यायचं कारण नाही, लोखंड एवढ्या वर्षांत गंजणारच. आधी नुसता घाम फुटल्यासारखी ओल येते, मग थेंब. जमिनीवर डबकं दिसत नाही, कारण गाडी उभी असताना दाब नसतो. पळताना पाणी जातं आणि रस्त्यावरच उडून जातं.

तिसऱ्या वर्षीचा जुलै होता, म्हणजे इथला हिवाळा. पोरांना बर्फ दाखवायला कॅसल हिलकडे निघालो होतो. स्प्रिंगफिल्डपर्यंत कँटरबरीचं मैदान, गाडीला काहीच कष्ट नाहीत. तिथून पुढे पोर्टर्स पासची चढण. हा पास 939 मीटरवर आहे, म्हणजे ज्याचं नाव सगळ्यांना माहीत असतं त्या आर्थर्स पासपेक्षाही उंच, आणि चढ अंगावर येतो. अर्ध्या चढात मागून धाकटा म्हणाला, "बाबा, मागचा हीटर गार हवा सोडतोय." मी म्हटलं, जॅकेट घाल.

पंत, हे वाक्य मी अजून विसरलो नाही. मागचा हीटर गार झाला याचा अर्थ पाणी मागेपर्यंत पोचत नव्हतं. पोरानं मला बरोबर सांगितलं होतं. मी तापमानाचा काटा बघत होतो आणि काटा मधोमध शांत होता. पाणीच संपलं की काट्याला खरं काही कळत नाही, तो पाण्याचं तापमान दाखवतो, कोरड्या लोखंडाचं नाही. मग गोडूस वास आला, कूलंटचा, म्हणजे रेडिएटरमधल्या औषधी पाण्याचा. काटा एकदम वर गेला. वरच्या मोकळ्या जागेत गाडी थांबवली तेव्हा सीटखालून पत्रा तडतडल्यासारखा आवाज येत होता.

दीड तास थांबलो, मगच झाकणाला हात लावला. मामांसारखंच, फडकं टाकून, अर्धा आटा. वाफसुद्धा आली नाही. चार लिटर पिण्याचं पाणी आत गेलं तरी वरपर्यंत आलं नाही. मग बर्फात पाठ टेकून खाली सरकलो. मागच्या उजव्या चाकाच्या जरा पुढे नळीवर गंजाचा फोड होता, बोट लावलं तर पापडासारखा मोडला.

गाडी टो करून खाली आणावी लागली. गॅरेजमध्ये फिटरनं रेडिएटरच्या तोंडावर काचेची नळी बसवली, आत निळं औषध. इंजिन चालू करून रबरी फुगा दाबायचा. सिलिंडरमधला धूर पाण्यात शिरत असेल तर औषधाचा रंग बदलतो. मी तिथेच उभा होतो. निळ्याचं हिरवट व्हायला मिनिटभरही लागलं नाही. हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, तडकलं होतं. या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आहे पण हेड अ‍ॅल्युमिनियमचं. एकदा कोरडं तापलं की ते माफ करत नाही. नवीन हेड, गॅस्केट, मजुरी मिळून 4,600 डॉलर आणि दहा आठवडे गाडी दारात नाही. गाडीच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त. एका नळीपायी.

म्हणून शनिवारी गेलास की हे कर. मालकाला आदल्या दिवशीच सांगून ठेव की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. इंजिन पुढच्या सीटांच्या मधोमध खाली आहे, झाकणाजवळ हात ठेवला की कळतं. गरम लागलं तर विचार, का बरं चालू केली? गार इंजिनाचं रेडिएटरचं झाकण उघड. पाणी काठोकाठ हवं आणि रंगीत हवं, हिरवं असो की लाल. नुसतं नळाचं पाणी किंवा तपकिरी गढूळ असेल तर कुणीतरी गळती झाकत गाडी चालवलीय असं समज. मग चालू कर. गार डिझेल पहिल्यांदा थोडा पांढरा धूर सोडतं, तो मिनिटभरात जायला हवा. नाही गेला आणि वास गोड आला तर चहा पिऊन परत ये. भाव कितीही उतरवला तरी.

याच इंजिनाला टायमिंग बेल्ट (झडपांची वेळ जुळवणारा रबरी पट्टा) नाही, साखळी आहे, ही चांगली गोष्ट. पण सुरुवातीला पुढून साखळी खडखडत असेल तर ती ताणून धरणारा टेन्शनर गेलाय. 2.5 वाल्या इंजिनाला बेल्ट असतो. कुणी तुला तीही दाखवली तर बेल्ट कधी बदलला त्याचं बिल माग. तोंडी सांगितलेलं धरू नकोस.

आता गंज. टिमारूची गाडी म्हणजे समुद्राकाठची. पायरीखालचा पत्रा, चाकांवरच्या कमानी, डिझेल भरायच्या तोंडाची नळी आणि मागच्या त्या नळ्या, एवढं टॉर्च घेऊन बघ. वरचा रंग चकचकीत असेल तर उलट जास्त खाली बघ. खाली सगळीकडे ताजा काळा डांबरी थर मारलेला असेल तर त्याच्या आत काय आहे ते दिसत नाही, आणि बहुतेकदा ते दिसू नये म्हणूनच मारलेला असतो. वॉरंटच्या, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवायला ठीक असल्याच्या दाखल्याच्या, तपासणीत बांधणीच्या पत्र्याला गंज सापडला की गाडी नापास. मी दर सहा महिन्यांनी वॉरंट करत आलोय आणि दर वेळी माझी छाती तिथेच धडधडते. विकणाऱ्यानं एक महिन्याच्या आतलं वॉरंट द्यायचं असतं. "आहे तशी घ्या" असं लिहून मागत असेल तर सही करू नकोस.

माझ्या गाडीला मी दर उन्हाळ्यात खालून लॅनोलिन मारतो. मेंढीच्या लोकरीतलं तेल ते. इथे मेंढ्यांना काय कमी! ते सुकून कडक होत नाही, फटीत शिरतं, पाण्याला धरू देत नाही. पहिल्यांदा डबा उघडला आणि मी तिथेच बसलो. पावसात भिजलेल्या घोंगडीचा वास. आपल्या गावात आषाढात धनगर मेंढरं घेऊन ओसरीला टेकायचे, तोच. दोन दिवस अंगाचा वास जात नाही, पण मला तो आवडतो.

दांड्याबद्दल विचारलं होतंस. चार जागा आहेत. 2एच म्हणजे फक्त मागची चाकं, रोजचं. 4एच म्हणजे चारही चाकं, पण मधला डिफरन्शियल (पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा गिअर) मोकळा, त्यामुळे डांबरी रस्त्यावरही चालतं. पावसात, बर्फात, खडीवर हेच वापर, चालत्या गाडीत टाकता येतं. 4एचएलसी मध्ये मधला डिफरन्शियल लॉक होतो. ते फक्त चिखल, वाळू, बर्फ यांसाठी. कोरड्या डांबरावर त्यात वळलास तर चाकं एकमेकांशी भांडतात आणि गिअरबॉक्सची वाट लागते. 4एलएलसी हा लो गिअर, गाडी थांबवून टाकायचा. चाचणीच्या फेरीत चारही टाकून बघ, शेवटचे दोन खडीवर. डॅशबोर्डवर चाकांचे हिरवे दिवे आहेत, ते लुकलुकत राहिले तर घाबरू नकोस. पुढचा अ‍ॅक्सल जोडायचं काम हवेच्या ओढीवर चालतं आणि त्याच्या बारीक रबरी नळ्या वयानुसार कडक होऊन चिरतात. मी एका दुपारी सगळ्या बदलल्या. जुनी नळी वाकवली तर वाळक्या शेंगेसारखी तुटली. नवीन रबराचे काही डॉलर लागले आणि दिवे शांत झाले. मालकाला माहीत नसेल तर तेवढ्यावरून भाव मात्र उतरतो. आणि चारही टायर एकाच मापाचे, एकाच कंपनीचे, सारखे झिजलेले आहेत का ते नक्की बघ. फोर बाय फोरला दोन नवे आणि दोन गुळगुळीत टायर घालणारा माणूस तेलही वेळेवर बदलत नसतो.

कागदांचं थोडक्यात. गाडीवर कुणाचं कर्ज आहे का ते पीपीएसआरवर, म्हणजे तारण मालाच्या सरकारी नोंदवहीत, बघून घे, नाहीतर कर्ज देणारा तुझ्या दारातून गाडी नेऊ शकतो. डिझेल असल्यानं आरयूसी, म्हणजे रस्ता वापरायचा कर, वेगळा भरावा लागतो. पेट्रोलवाल्यांचा कर पंपावरच कापला जातो, आपला किलोमीटरवर. सध्या हजार किलोमीटरला 76 डॉलर. माझं वर्षाचं पळणं अकरा हजार, म्हणजे 836 डॉलर, हे वहिनींना आधीच सांग. काचेवरच्या चिठ्ठीतला आकडा आणि मीटरचा आकडा ताडून बघ. मालकानं भरला नसेल तर ती बाकी तुझ्या गळ्यात येऊ शकते. माझी लिटरला आठ-नऊ देते, चढावर त्याहून कमी. हिच्याकडून कारसारखी सरासरी मागू नये.

घेतलीस तर पहिल्या महिन्यात पैसे राखून ठेव. सगळी तेलं बदल. इंजिनाचं, गिअरबॉक्सचं, ट्रान्सफर केसचं (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी), दोन्ही डिफरन्शियलचं. इंजिनाचं पुढे दर पाच हजारांना. मागच्या नळ्या चांगल्या दिसल्या तरी बदलून टाक. आणि पाणी कमी झाल्यावर ओरडणारा एक अलार्म बसव. मी बसवलाय. आतापर्यंत एकदाच वाजला, रबरी होज ढिला झाला होता, आणि मी दहा सेकंदांत रस्त्याच्या कडेला होतो. मागून थोरला म्हणाला, "झाकण लगेच उघडू नका बाबा."

तू विचारशील, एवढं सगळं करून का ठेवली मग? दुरुस्तीच्या वेळी विकायचं ठरवलंच होतं. पण गेल्या एप्रिलमध्ये टेकापोला कँपिंगच्या जागेवर मुक्काम केला. रात्री बाहेर थंडी म्हणजे काय विचारू नकोस. आत आम्ही चौघं, सीटा पाडून, दोन रजया आणि आईनं पाठवलेली गोधडी. वर छपराच्या काचा. तिथे आभाळ काळं राहावं म्हणून दिवे जपून लावतात, त्यामुळे आकाशगंगा अशी उतरली होती की धाकट्याला वाटलं काचेवर धुकं बसलंय. त्यानं हातानं पुसून बघितली. मीटर आज 2,91,000 च्या घरात आहे. मी ही गाडी विकत नाही.

शनिवारी मीही येतो, सकाळी नऊला टिमारूच्या बंदराजवळ भेटू, तिथून बरोबर जाऊ. तू डनिडनहून निघताना टॉर्च, जुनं पोतं आणि फाटके कपडे आण, खाली आपण दोघंही झोपणार आहोत. आणि मालकाला शुक्रवारी रात्री परत एकदा आठवण कर, गाडी गार हवी.

वहिनींना नमस्कार, छोटीला पापा.

तुझाच