बाबा, कानापासून सुरुवात करू या

बोरिवली,
रविवार

ती. आई आणि ती. बाबा यांस,
शि. सा. नमस्कार.

फोनवर सांगून काम झालं असतं तर पत्र लिहायला बसले नसते. पण फोनवर बाबा सगळ्याला ‘हो हो, बरं बरं’ म्हणतात आणि फोन ठेवला की आईला विचारतात, ‘काय म्हणत होती गं?’ मग आई सांगते, म्हणजे तिला सोयीचं असेल तेवढंच. तेव्हा बाबा, हे पत्र मोठ्याने वाचा आणि आईबद्दल लिहिलंय ते गाळू नका. तुमच्याबद्दल लिहिलंय तेही गाळू नका.

विषय तुमच्या त्या विसरण्याचा. आई मला बाजूला घेऊन म्हणाली, ‘ह्यांच्या हल्ली काही लक्षात राहत नाही.’ बाबा खाली सोडायला आले तेव्हा लिफ्टमध्ये म्हणाले, ‘हिचं डोकं हल्ली कशात नसतं.’ दोघांनी एकमेकांच्या चोरून केलेली ही तक्रार आता उघडी पाडते आहे, माफ करा. त्यावर उपाय म्हणून आईने बदाम भिजत घालायला सुरुवात केली आहे आणि बाबा रोज दोन पेपरांतली शब्दकोडी सोडवतात. बदाम खा, चांगलेच असतात. कोडीही सोडवा. पण कोडी सोडवून माणूस कोड्यांत पटाईत होतो. दूधवाल्याचा हिशेब त्यामुळे जास्त लक्षात राहतो असं काही नाही.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीने २०२४ मध्ये १४ गोष्टींची यादी दिली आहे. त्या सगळ्या आयुष्यभर सांभाळल्या, तर जगातली स्मृतिभ्रंशाची साधारण ४५ टक्के प्रकरणं टाळता येतील किंवा पुढे ढकलता येतील, असा त्यांचा हिशेब. उरलेलं आपल्या हातात नाही, त्याची काळजी करत बसायचं नाही. यादीत बदाम नाहीत. बीपी आहे, साखर आहे, वाईट कोलेस्टेरॉल, सिगारेट, दारू, वजन, डोक्याला बसलेला मार, नुसतं बसून राहणं, उदासपणा, खराब हवा, अधू नजर, लहानपणी सुटलेली शाळा, एकटेपणा आणि कान. त्यातही कान आणि कोलेस्टेरॉल यांचा वाटा सगळ्यांत मोठा, प्रत्येकी ७ टक्के.

कान म्हटलं की बाबा चिडणार. ‘मला ऐकू येतं, तुम्हीच तोंडातल्या तोंडात बोलता.’ बाबा, यातलं अर्धं खरं आहे. वयामुळे ऐकू येणं कमी होतं ते सगळं सारखं नाही होत. आधी जातात ते बारीक, उंच पट्टीतले आवाज. ‘आ’, ‘ओ’ असे स्वर येत राहतात, पण ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘थ’ निसटतात. म्हणून आवाज कळतो आणि शब्द कळत नाही. भाजीवाला ‘साठ’ म्हणतो, तुम्ही ‘आठ?’ विचारता, तो हसतो आणि तुम्हाला वाटतं तो उर्मट आहे. त्यात वर पंखा, समोर टीव्ही आणि आत कुकरची शिट्टी. अर्ध्या ऐकलेल्या शब्दांवरून पूर्ण वाक्य जुळवण्यातच डोकं दमून जातं, मग ऐकलेलं साठवायला त्राण उरत नाही. आईला वाटतं तुमच्या लक्षात राहत नाही. मला वाटतं, बऱ्याच गोष्टी तुमच्यापर्यंत पोचतच नाहीत.

गणपतीत काकांकडे मी तुमच्याकडे बघत होते. तुम्ही भिंतीकडच्या खुर्चीत, मांडीवर पेपर. सगळे हसले की तुम्ही आधी आईच्या तोंडाकडे बघायचात आणि मग हसायचात. आरती झाली आणि पानं मांडायच्या आत ‘मी जरा घरी जाऊन पडतो’ म्हणून निघालात. चाळीच्या गणपतीत पहाटेपर्यंत पत्त्यांचा डाव उठू न देणारे तुम्ही! काकूला वाटलं, भाऊजींना काहीतरी लागलं. मला त्या विसरण्यापेक्षा या निघून जाण्याची जास्त काळजी वाटते.

कानाचं मशीन लावलं की सगळं ठीक होतं असं मी म्हणणार नाही, कारण तुम्ही लगेच ‘सिद्ध झालंय का?’ विचाराल. तर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचे निकाल आले. ७० ते ८४ वयाची जवळपास हजार माणसं, तीन वर्षं. सगळ्यांचा मिळून हिशेब केला तेव्हा मशीन लावणाऱ्यांत आणि न लावणाऱ्यांत फरक दिसला नाही. पण ज्यांचं वय जास्त होतं आणि बीपीसारखी दुखणी जास्त होती, त्यांच्यात मशीन लावणाऱ्यांची विचारशक्ती आणि स्मरणशक्ती जवळजवळ निम्म्या वेगाने घसरली. बाबा, तुम्ही कोणत्या गटात बसता ते तुम्हीच बघा. आणि डोक्याचा काहीच फायदा झाला नाही असं धरलं, तरी पुढच्या गणपतीत तुम्ही जेवून तरी जाल.

एक मात्र आधीच सांगते, म्हणजे दुसऱ्या दिवशी मशीन कपाटात जाणार नाही. सुरुवातीला सगळं कर्कश वाटतं. भांडी आदळल्यासारखी, पेपरची घडी फडफडल्यासारखी, स्वतःचा आवाज डब्यातून आल्यासारखा. डोक्याला या आवाजांची पुन्हा सवय व्हायला काही आठवडे जातात. आधी घरात, शांत खोलीत, आईशी बोलताना रोज थोडा वेळ लावायचं, मग हळूहळू वेळ वाढवायचा. दिवाणखान्याच्या गोंगाटात पहिल्याच दिवशी परीक्षा घ्यायची नाही. आपल्या दमट हवेत ते रात्री सुकवायच्या डबीत ठेवावं लागतं, नाहीतर पावसाळ्यात बिघडतं. आणि त्याही आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून मळ तर नाही ना ते बघून घ्यायचं. नुसता मळ निघाला तर मी जाहीर माफी मागेन.

आता आई. तुझ्याबद्दल मला वेगळं वाटतं. चाळीतून टॉवरमध्ये गेल्यापासून तुझं बोलणं कमी झालंय. स्वतंत्र संडास, चोवीस तास पाणी, लिफ्ट, हे सगळं तुला मिळायलाच हवं होतं. पण चाळीत सकाळी दार उघडलं ते रात्री झोपताना बंद व्हायचं. गॅलरीत उभं राहून तू एकीला मालवणीत, दुसरीला गुजरातीत आणि बोहारणीला हिंदीत ऐकवायचीस. आज कोणाकडे पाहुणे आले, कोणाच्या मुलीचं ठरलं, कोणाची उधारी किती, सगळं तुझ्या डोक्यात. आता चौदाव्या मजल्यावर दार बंद आणि समोर मालिका. मालिका तुला काही विचारत नाहीत, तुलाही त्यांना काही ऐकवता येत नाही. डोक्याला खरा व्यायाम माणसांशी होतो. समोरच्याचा चेहरा वाचायचा, त्याचं मागचं बोलणं आठवायचं, उत्तर जुळवायचं, मनात आलेलं गिळायचं, हे सगळं एकाच वेळी. कोड्यात यातलं काय असतं?

हैदराबादच्या डॉक्टरांचा एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला होता. स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांत त्यांना दिसलं की दोन भाषा बोलणाऱ्यांना हा आजार एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा साधारण साडेचार वर्षं उशिरा सुरू झाला. जे कधी शाळेत गेलेच नाहीत त्यांच्यातही हा फरक होता. (दोनाच्या वर भाषा आल्याने आणखी फायदा दिसला नाही, नाहीतर मुंबईतल्या टॅक्सीवाल्यांना म्हातारपणच आलं नसतं.) सातवीत शाळा सुटली म्हणून तू स्वतःला कमी लेखतेस, पण एवढ्या भाषा घरबसल्या सांभाळल्यास ती कमाई लहान नाही. फक्त ती वापरात राहायला हवी.

म्हणून माझी एक सूचना. तुला गुजराती बोलता येतं, वाचता येत नाही. समोरच्या बेनकडे ‘मुंबई समाचार’ येतो, १८२२ पासून निघणारा. दुपारी मालिका लागतात त्या वेळेला त्यांच्याकडे जा आणि मथळे वाचायला शिक. बरीच अक्षरं आपल्यासारखीच, फक्त डोक्यावर रेघ नाही. तू त्यांना उकडीच्या मोदकाची पारी शिकव, त्या कधीच्या मागे लागल्यात. नवीन शिकताना डोक्याला जरा खटपट व्हायला हवी. ज्यात तू आधीच तरबेज आहेस ते विणकाम छान आहे, पण ते हात आपोआप करतात. आणि सोमवारचं भजनी मंडळ सोडू नकोस. गुडघ्याचं कारण मला सांगू नकोस, खाली टॅक्सी मिळते.

चालण्याबद्दल थोडक्यात. ५५ ते ८० वयाच्या १२० जणांवर केलेला अमेरिकेतला एक अभ्यास २०११ मध्ये छापून आला. आठवड्यातून तीन दिवस, हळूहळू वाढवत ४० मिनिटांपर्यंत भरभर चालणाऱ्यांच्या मेंदूतला आठवणींशी संबंधित भाग, हिप्पोकॅम्पस, वर्षभरात सुमारे २ टक्के वाढला. नुसते ताणाचे व्यायाम करणाऱ्यांचा तेवढ्याच काळात थोडा आक्रसला. भरभर म्हणजे बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये इतकं. बाबा चौपाटीवर जातात ते चालायला कमी आणि उभं राहून राजकारणावर वाद घालायला जास्त. तो वादही डोक्याला हवाच, पण आधी चाला, मग भांडा. थंडीत पहाटे धुरकं असतं तेव्हा ऊन पडल्यावर निघा. आई, गुडघे दुखले तरी सोसायटीच्या बागेत दहा-दहा मिनिटांच्या फेऱ्या घालता येतील.

बीपीच्या गोळीचं मात्र मला खरंच भांडायचंय. ‘आज १३० आलं, मग गोळी कशाला?’ बाबा, गोळी घेतली म्हणून १३० आलं. बीपी मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांना वर्षानुवर्षं न कळत इजा करत राहतं, दुखत काहीच नाही. २०१९ मध्ये ९ हजारांहून जास्त लोकांच्या चाचणीचे निकाल आले. वरचा आकडा १४० च्या खाली ठेवण्याऐवजी १२० च्या खाली ठेवला, तेव्हा विसरभोळेपणाची पहिली पायरी गाठणाऱ्यांचं प्रमाण जवळपास पाचव्या हिश्श्याने कमी झालं. याचा अर्थ मनाने गोळी वाढवायची असा नाही, चक्कर येऊन पडलात तर डोक्याला मार, तोही यादीत आहे. तुमचा आकडा किती हवा ते डॉक्टर ठरवतील. गोळी चुकवायची नाही, एवढं तुमच्याकडे. आणि जेवताना पापड किंवा लोणचं यातलं एकच घ्यायचं, दोन्ही एकदम नाही.

आई, तू साखरेसाठी मेटफॉर्मिन घेतेस. बरीच वर्षं घेतली की शरीरातलं बी-ट्वेल्व हे जीवनसत्त्व कमी होऊ शकतं आणि ते कमी झालं की विसरायला होतं, पायाला मुंग्या येतात. पायाला मुंग्यांची तक्रार तू केलीच होतीस. साध्या रक्ततपासणीत कळतं, थायरॉइडही त्यातच बघून घेऊ. असं काही निघालं तर औषधाने सुधारतं. शिवाय झोप लागत नाही म्हणून तू ती सर्दीची गोळी घेतेस ना, ती बंद कर. गुंगी आणणाऱ्या जुन्या पद्धतीच्या त्या गोळ्यांनी या वयात डोकं आणखी गोंधळतं. झोपेचं डॉक्टरांशी वेगळं बोलू. बाबांच्या घोरण्याचंही विचारू. घोरता घोरता श्वास मध्येच अडकतो असं तू म्हणालीस, ते थट्टेवारी नेण्यासारखं नाही.

दादाचं म्हणणं, वीजबिल, बँक, किराणा सगळं तो मोबाइलवरून करेल, तुम्ही आराम करा. मी त्याला नको म्हटलंय. बाबांनी पासबुक भरून आणावं, सोसायटीच्या मेंटेनन्सच्या हिशेबात चुका काढाव्यात आणि आईने यादी न करता बाजारात जाऊन घरी आल्यावर काय राहिलं ते बघावं. ओटीपी मागणाऱ्या फोनपासून तेवढं जपा.

चष्मा कुठे ठेवला ते विसरणं मी मनावर घेत नाही, ते माझंही होतं. रोजच्या रस्त्यावर वाट चुकली, तोच प्रश्न तासाभरात परत परत विचारला, नेहमीचा व्यवहार जमेनासा झाला, तर लपवायचं नाही, डॉक्टरांकडे जायचं. एका दिवसात एकदम गोंधळ उडाला तर ते म्हातारपण नव्हे. ताप, लघवीचा संसर्ग, रक्तातलं सोडियम उतरणं, काहीही असू शकतं, त्याच दिवशी दाखवायचं. आणि तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला किंवा जीभ जड झाली तर मला फोन नंतर करा, आधी रुग्णालय गाठा. पक्षाघातात मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आतच देता येतं.

गुरुवारी मी रजा टाकली आहे. सकाळी आधी तुमच्याच नाक्यावर कानाच्या डॉक्टरांना दाखवू, मग वांद्र्याला उतरून रिक्षाने रेक्लमेशनला अली यावर जंग संस्थेत जाऊ. वाणी आणि श्रवणाची ती राष्ट्रीय संस्था आहे, १९८३ पासूनची, त्यामुळे ‘दुकानदार मशीन गळ्यात मारतील’ ही बाबांची सबब चालणार नाही. आधार कार्ड आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून ठेवा. बाबा म्हणतील, आईला कशाला उगाच दगदग. आई, तू यायचंच आहेस. मशीन लावून बघताना समोर बोलायला तूच हवीस, कारण बाबांना सगळ्यांत कमी ऐकू येतं ते तुझंच.

तुमची,
मनू