एमजीबीचा इग्निशन स्विच: मित्रास पत्र

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या एमजीबीचं, म्हणजे या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचं, इंजिन चालता चालता मध्येच मरतं, खड्डा लागला की पुन्हा पकडतं, आणि किल्ली जरा हलवली की डॅशवरचा लाल दिवा लुकलुकतो, हे तुझ्या पत्रात वाचलं आणि माझाही संशय इग्निशन स्विचवरच, म्हणजे किल्लीने फिरणाऱ्या स्विचवरच, गेला. तरी नवा स्विच बसवायच्या आधी जुन्याचा दोष पक्का करून घे. जुन्या गाडीत अंदाजाने भाग बदलत गेलं की मूळ भाग जातात आणि दुखणं तसंच राहतं.

स्विचच्या मागे तपकिरी वायर येते, ती थेट बॅटरीची. पांढरी निघते ती कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी), पेट्रोल पंप आणि फ्यूज बॉक्सकडे. पांढरी-लाल स्टार्टरकडे. किल्ली चालू करून व्होल्टमीटरची एक टोचणी तपकिरीच्या टर्मिनलवर धर, दुसरी पांढरीच्या. आकडा शून्याच्या जवळ हवा. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला, तर आतले कॉन्टॅक्ट जळलेत. मात्र मोजताना डिस्ट्रिब्युटरमधले (प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या भागातले) पॉइंट, म्हणजे उघडमीट करणारे संपर्क, मिटलेले असू देत. ते उघडे असले तर कॉइलमधून प्रवाहच वाहत नाही आणि खराब कॉन्टॅक्टसुद्धा मीटरला ठणठणीत दिसू शकतो. पुष्कळ जण इथेच फसतात. मापन झटपट उरक, कारण मिटलेल्या पॉइंटवर कॉइल तापत राहते. किल्ली किंचित हलवून आकडा उडतो का, तेही बघ.

दोष ठरला की आधी बॅटरीची अर्थ, म्हणजे बॉडीला जोडलेली वायर, काढ. तपकिरी आणि पांढऱ्या, दोन्ही वायरींना फ्यूजचं संरक्षण नाही. डॅशमागे पाना बॉडीला टेकला तर सगळा हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, जळेल. आणि तुझी गाडी १९६५ची, म्हणजे पॉझिटिव्ह अर्थ, बॅटरीची अधिक बाजू बॉडीला. एमजीबी निगेटिव्ह अर्थवर आली ती १९६७च्या अखेरीस. म्हणून सीटमागच्या सहा-सहा व्होल्टच्या बॅटऱ्यांच्या जोडीतली बॉडीला जोडलेली वायर शोध, नुसत्या सवयीने वजा बाजू सोडू नकोस.

पुढची गोल नट सोडली की स्विच मागून हातात येतो. वायरी काढण्याआधी फोटो घे. चपटी टर्मिनलं काळवंडली असतील किंवा सैल बसत असतील तर तीही बदल. जळक्या टर्मिनलवर नवा स्विचही तापणारच.

एक आग्रहाची विनंती. मूळ किल्ली टाकू नकोस. जुन्या स्विचचा लॉक सिलिंडर सहसा निघतो: किल्ली घालून थोडी फिरवायची, अंगावरच्या बारीक छिद्रातून तारेने पिन दाबायची आणि सिलिंडर ओढायचा. नव्या स्विचमध्ये तो बसला तर फारच उत्तम. दारांची किल्ली वेगळी असली तरी ही किल्ली गाडीच्या जन्मापासूनची आहे, ती तुझ्याकडेच राहायला हवी.

रिले, म्हणजे जास्त प्रवाह स्विचऐवजी स्वतःवर घेणारा विद्युत-स्विच, लावायचा का असं विचारलंस. गाडीतली मूळचीच विजेची उपकरणं असतील तर गरज नाही; हेडलाइट तर या स्विचमधून जातच नाहीत. कुणी पांढऱ्या वायरीवर जादा पंखा किंवा दिवे जोडले असतील, तर ते आधी काढून रिलेमार्फत वेगळे जोड.

सगळं जोडून किल्ली फिरवलीस की मागून पंपाची टिकटिक ऐकू येईल आणि कार्ब्युरेटर भरले की थांबेल. मग पुन्हा तेच मोजमाप घे आणि दोन्ही आकडे मला कळव.

तुझा,
श्रीधर