रविवारी शाळेचा एक हॉल द्या, आम्ही पेस्टल शिकवतो

संपादक साहेब, नमस्कार.

कोल्हापूरला आपण कलापूर म्हणतो, पण नोकरीधंदा करणाऱ्या किंवा पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला आता चित्र शिकावंसं वाटलं तर त्याने जायचं कुठं? कॉलेजला ॲडमिशन घ्यायचं वय गेलेलं असतं आणि क्लासेस बहुतेक एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसणाऱ्या मुलांचे. मी चित्रकला शिक्षक म्हणून रिटायर झालोय, हल्ली रविवारी सकाळी रंकाळा तलावावर आमचा ग्रुप बसतो, त्यात बँकवाले आहेत, गृहिणी आहेत, एक रिक्षावाले काका आहेत, कॉलेजची पोरंपोरी आहेत, आणि आम्ही सगळे सॉफ्ट पेस्टल करतो.

पेस्टल म्हटलं की लोकांना शाळेतली ऑइल पेस्टलची पेटीच आठवते. ती तेलामेणाची, दोनतीन थर दिले की कागद गुळगुळीत होतो, पुढचा रंग धरत नाही आणि पोरगं कंटाळतं. सॉफ्ट पेस्टल म्हणजे मुख्यतः रंगाची पूड, थोडी खडूची भुकटी आणि कांडी धरून राहायला अगदी थोडा डिंक. पाणी नको, वाळायची वाट बघायला नको, चुकलं तर कापडाने झटकून त्याच जागी परत काम करता येतं. नवख्या मोठ्या माणसासाठी मला तरी याहून चांगलं माध्यम माहीत नाही, कारण भीती पहिल्याच दिवशी निम्मी होते. सरावाला आम्ही हार्डवेअरच्या दुकानातला 400 नंबरचा काळा पॉलिश पेपर (घासायचा खरखरीत कागद) वापरतो, त्यावर गडद रंग आधी आणि उजेड शेवटी, वॉटरकलर शिकून आलेल्यांना हे उलटं वाटतं पण एकदा जमलं की ते सोडत नाहीत. आणि चित्रावर फुंकर मारायची नाही, बोर्ड उभा धरून मागून टिचकी मारायची, ती धूळ नाकात जाता कामा नये हे मी दर वेळी ओरडून सांगतो.

चांगल्या कांड्या महाग आहेत हे खरंय. म्हणून आम्ही तुकडे फेकत नाही, सगळ्यांचे उरलेसुरले तुकडे आणि चुरा एका डब्यात जमा होतो, मग एखाद्या रविवारी मास्क लावून ते रंगछटेप्रमाणे वेगळे करायचे, खलबत्त्यात कुटायचे, थेंब थेंब डिस्टिल्ड वॉटर घालून कणकेसारखं मळायचं, कांड्या वळायच्या आणि सावलीत वाळवायच्या. यातून जे करडे, मातकट, हिरवट राखाडी रंग निघतात ते कुठल्याच पेटीत मिळत नाहीत आणि रंकाळ्याच्या पाण्याला नेमके तेच लागतात. पण माझ्या दृष्टीने मोठी गोष्ट वेगळी आहे, कांड्या वळताना माणसं बोलतात. जी बाई महिनाभर कोपऱ्यात बसून चित्र झाकून ठेवायची तिने त्याच दिवशी पहिल्यांदा सगळ्यांना चित्र दाखवलं. शिकवणाऱ्याने विद्यार्थ्याच्या चित्रावर स्वतःचा हात मारू नये असं माझं ठाम मत आहे, शेजारी आपला बोर्ड लावावा आणि करून दाखवावं, त्याचं चित्र त्याचंच राहिलं तर तो पुढच्या रविवारी येतो.

कोरड्या रंगाचं हे काम आपल्या गावाला नवीन नाही. राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे यांचं कलासंग्रहालय आहे, नट म्हणून ते सगळ्यांना माहीत, पण त्यांनी केलेली पावडर शेडिंगची, म्हणजे कोरड्या रंगाच्या पुडीने केलेली निसर्गचित्रं बघायला किती लोक जातात? चित्रकार आबालाल रहिमान यांनी याच रंकाळ्याची चित्रं केली. रंगबहार या कलासंस्थेच्या मैफलीत टाऊन हॉलच्या बागेत लोक झाडाखाली बसून चित्रकारांना काम करताना बघतात, म्हणजे बघणारी माणसं आहेत, त्यांच्या हातात रंग द्यायचं तेवढं राहिलंय.

खडूचं चित्र टिकत नाही असंही ऐकायला मिळतं. लिओतार या स्विस चित्रकाराने 1744 च्या सुमाराला पेस्टलमध्ये केलेली चॉकलेट घेऊन जाणारी मुलगी ड्रेस्डेनच्या संग्रहालयात आजही ताजी दिसते. चित्राला मधे माउंट (पुठ्ठ्याची चौकट) घालून काच लावली, काच रंगाला चिकटू दिली नाही आणि ओलीच्या भिंतीपासून लांब ठेवलं की झालं.

अडचण जागेची आहे. वाऱ्याने कागद उडतात ते चालवून घेऊ, पण जून लागला की आमचं बसणं बंद पडतं, पेस्टलला दमट हवा सोसत नाही, कागदाला बुरशी धरते, आणि पावसाळा संपेपर्यंत ग्रुपमधले निम्मे लोक तुटतात, नवीन आलेले तर परत येतच नाहीत, दर वर्षी पुन्हा पहिल्यापासून माणसं जमवायची. महापालिकेच्या शाळा रविवारी बंद असतात. त्यातला एक उजेडाचा हॉल आणि बोर्ड-रंग ठेवायला एक कपाट सकाळी आठ ते अकरा मिळालं तर भाडं, साफसफाई आणि किल्लीची जबाबदारी आम्ही घेऊ. त्या बदल्यात त्याच शाळेतल्या मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना फी न घेता शिकवू, कागद-रंग आमचे. प्रशासनाने आणि नगरसेवकांनी यावर विचार करावा, आणि आपल्या पेपरातल्या ‘आज शहरात’ सारख्या जागेत आमच्या रविवारच्या बैठकीची एक ओळ छापली तरी फार उपकार होतील, सध्या आम्ही पतौडी खणीच्या बाजूला बसतो, पेटी नसली तरी या, पहिल्या दिवशी आमच्या डब्यातले रंग घ्या.

आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक, कोल्हापूर