बाबांच्या डोळ्यांबद्दल, पण आईनेही वाचावं

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, फोनवर वादात तुम्हीच जिंकता, म्हणून लिहून पाठवतेय. "मला लांबची पाटीसुद्धा वाचता येते, मग डोळे कशाला दाखवू?" हे तुमचं म्हणणं. मी दिवसभर तुमच्यासारख्याच मधुमेह असलेल्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचे फोटो तपासते. त्यातल्या कितीतरी जणांना लांबची पाटी वाचता येते. फोटोत मात्र ठिपके असतात.

पहिल्या नजरेला ते दिसतही नाहीत. नारिंगी पडदा, त्यावर एक फिकट चकती आणि तिच्यातून फाकलेल्या रक्तवाहिन्या, सगळं ठीकठाक. मग मी फोटोतला फक्त हिरवा रंग ठेवते. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं, त्यामुळे जिथे रक्त तिथे काळं दिसतं. आणि मधल्या भागाच्या कडेला, जिथे काहीच नव्हतं तिथे, सुईने टोचल्यासारखे दोन-तीन काळे बिंदू उमटतात. हे केशवाहिन्यांना आलेले फुगे. या वाहिन्यांना बाहेरून लगटून पेरिसाइट नावाच्या पेशी असतात. साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की त्या मरत जातात, भिंत कमजोर होते आणि फुगते. दुखत नाही, खुपत नाही, नजरेत काडीचा फरक पडत नाही. पुढे फुगे पाझरून पडद्याचा मधला भाग सुजला, की अक्षरं वाकडी-पुसट दिसू लागतात. तेव्हा लेसर आणि इंजेक्शनं आहेतच, पण गेलेली नजर पूर्ण परत येईलच असं नाही.

त्यातही गंमत अशी की हे फुगे येतात नि जातात. या वर्षीचा ठिपका पुढच्या वर्षी नसतो, दुसराच कुठेतरी उगवतो. म्हणून एका फोटोवरून फार कळत नाही. गेल्या वर्षीचा शेजारी ठेवला तर कळतं. तुमचा आजचा फोटो स्वच्छ निघाला तरी तो मला हवाय, पुढच्या फोटोशी ताडून बघायला.

१९९१ साली ओसीटी नावाचं प्रकाशाने पडदा तपासायचं तंत्र आलं. त्यात पडद्याचे थर उभे कापल्यासारखे दिसतात, तेही डोळ्याला स्पर्श न करता. काही जणांत फुगे दिसण्याआधीच आतला मज्जातंतूंचा थर पातळ झालेला सापडतो. म्हणजे सुरुवात आम्ही समजत होतो त्याच्याही आधी होत असावी. सध्या माझं डोकं यातच अडकलंय.

तुमचा डॉक्टरांपेक्षा मशीनवर विश्वास, म्हणून सांगते: डॉक्टरांशिवाय निकाल देणाऱ्या एका कॅमेरा-प्रणालीला अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं-उपकरणांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१८ मध्ये मान्यता दिली. पण ती सौम्यतेच्या पुढे गेलेला आजार ओळखण्यासाठी आहे. अगदी सुरुवातीचे बदल तिच्या नजरेतून सुटू शकतात. काचबिंदूचं तर ती काहीच सांगत नाही. तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांकडेच जा.

आणि बीपीची गोळी! "आज बरं वाटतंय" म्हणून ती टाळू नका. ब्रिटनच्या यूकेपीडीएस या मधुमेहावरच्या मोठ्या अभ्यासात १९९८ साली दिसलं, की बीपी कडक आटोक्यात ठेवलेल्यांमध्ये पडद्याचा आजार वाढण्याचं प्रमाण सुमारे ३४ टक्क्यांनी कमी होतं. साखरेइतकंच हेही महत्त्वाचं आहे.

आई, तू बरोबर जा. थेंब घालून बाहुली मोठी करतात, मग काही तास पुसट दिसतं आणि उजेड सहन होत नाही. बाबा "मला काही होत नाही" म्हणतील, पण गाडीची किल्ली त्यांच्या हाती देऊ नकोस. काळा चष्मा घे. फोटोची फाइल मागून घे, नुसत्या 'नॉर्मल' लिहिलेल्या कागदावर परत येऊ नकोस. दोन्ही डोळ्यांचे फोटो हवेत, आणि कोणता डावा, कोणता उजवा हे त्यांच्याकडूनच लिहून घे.

अपॉइंटमेंट मिळाली की दिवस कळवा.

तुमची लेक