सोन्याचे सात बरोबर आहेत

सोलापूर, मे महिना

चि. सुमास अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला सोन्याच्या वहीचा फोटो पाहिला. १, २, ४ आणि पुढे रिकामी चौकट. त्यानं ७ लिहिलेत, त्यावर लाल फुली आणि शेजारी ८. खाली तुझा मेसेज, "बाबा, सुट्टीत याच्याकडून आकृतिबंध करून घ्या, फार कच्चा आहे."

पोरगा कच्चा नाही. मी त्याला नुसतं विचारलं, सात कसे आले रे? तोंडातला भाकरीचा घास तसाच ठेवून म्हणाला, "आधी एक वाढला, मग दोन वाढले, आता तीन वाढणार की." यात चूक कुठे आहे ते मला दाखव. दुप्पट करत गेलं की आठ येतात, हेही खरंच. तीनच आकडे दिल्यावर दोन्ही नियम बसतात. एखाद्या पोरानं १, २, ४, १, २, ४ असं पुन्हा पहिल्यापासून म्हटलं तरी त्याला खोटं पाडता येत नाही. आणखी दोन आकडे द्यायचे, नाहीतर नियम तरी सांगायचा. ते केलं नाही म्हणजे प्रश्नच अर्धा राहिला.

म्हणून शाळेत भांडायला जाऊ नकोस. बाईंना चाळीस वह्या तपासायच्या असतात, उत्तराच्या कागदावर ८ असले की त्या ८ बघणार. पण घरी तू तसं करू नकोस. "पुढे काय येईल?" हा प्रश्न अर्धाच आहे. त्याच्या मागोमाग "कशावरून?" आलं पाहिजे. नियम त्याच्या तोंडून आला आणि पहिल्या आकड्यापासून शेवटच्यापर्यंत लागू पडला, की उत्तर बरोबर. एका ठिकाणी जरी अडला, तरी नियम बदलायचा. एवढंच शिकवायचं असतं, बाकी सगळा सराव.

इथे दहा वाजल्यानंतर उंबऱ्याबाहेर पाय टाकायची सोय नाही, पारा चव्वेचाळीसला टेकतो. म्हणून आमचा सगळा उद्योग घरातच चालतो. पहिल्या दिवशी पेटीतली मोराची चादर काढून जमिनीवर अंथरली आणि त्याला म्हटलं, नक्षी पुन्हा कुठे सुरू होते ते शोध. त्यानं एका मोराच्या चोचीवर बोट ठेवलं आणि पुढच्या मोराच्या चोचीपर्यंत टिचा मोजल्या. मग म्हटलं, आता शेपटीपासून मोज. तेवढ्याच आल्या. फुलाच्या देठापासून मोजलं, तरी तेवढ्याच. तो जरा थांबला आणि म्हणाला, "कुठूनही सुरू केलं तरी सारखंच?" मी काही बोललो नाही. ते त्याचं त्यालाच सापडलं होतं.

मग ही नक्षी मागावर ज्यांच्यामुळे उमटते त्या पुठ्ठ्यांची गोष्ट त्याला सांगितली. तू लहानपणी माझा डबा घेऊन कारखान्यात यायचीस तेव्हा मागांच्या आवाजाला घाबरून दारातच उभी राहायचीस, त्यामुळे तुला हे नीट कधी दाखवताच आलं नाही. आधी चौकटीच्या कागदावर नक्षी काढायची, एकेक चौकट भरायची. त्यावरून पुठ्ठ्याला भोकं पाडायची. आडव्या प्रत्येक धाग्याला एक पुठ्ठा. जिथे भोक, तिथली सुई आत जाते आणि तिचा उभा धागा वर उचलला जातो. जिथे भोक नाही, तिथला खालीच राहतो. सगळे पुठ्ठे दोरीनं एकमेकांना जोडून माळ करायची आणि शेवटचा पुन्हा पहिल्याला बांधायचा. म्हणून मोर संपला की परत मोरच येतो. हे यंत्र फ्रान्समधल्या जकार्डनं १८०४ च्या सुमाराला काढलं. सोलापुरातल्या आमच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत मात्र जकार्ड म्हणजे माणूस हे कोणाच्या ध्यानातही नसतं, जकार्ड म्हणजे माग. एक पुठ्ठा उलटसुलट लागला की दर मोराच्या मानेवर तीच चूक दिसायची. सोन्याला हे फार आवडलं. चूकसुद्धा नियमानं येते म्हणून खो खो हसत सुटला.

त्यानंतर टाळी, टाळी, चुटकी. हा खेळ तुलाही करता येईल, स्वयंपाक करता करता. टाळी, टाळी, चुटकी असं तीन-चार वेळा चालवायचं आणि मग विचारायचं, यातला कुठला तुकडा परत परत येतोय? तो सापडला की तोच तुकडा दुसऱ्या रूपात करायला सांगायचा. दोन शेंगदाणे, एक चिंचोका. पुढे मोठा प्रश्न, विसावं काय येईल? पहिले दोन दिवस तो बोटांवर एकेक मोजत विसापर्यंत गेला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "तीनवर चुटकी, सहावर चुटकी, नवावर चुटकी, अठरावर पण. मग विसावर टाळी." घोकून घेतलेला तिनाचा पाढा पहिल्यांदा उपयोगी पडला. अधूनमधून मी मुद्दाम चुकीच्या जागी चुटकी वाजवतो, ती पकडायला त्याला मजा येते. शेवटचा आकडा भरण्यापेक्षा मधली चूक शोधणं मला जास्त मोलाचं वाटतं, वहीत ते कोणी देत नाही.

तुझ्या आईचाही यात हात आहे. दारातल्या रांगोळीला ती ठिपके देते ना, १, ३, ५, ७ आणि मग उतरत ५, ३, १. सोन्यानं वरून बेरीज करत यायला सुरुवात केली. १, मग ४, मग ९, मग १६. तिथे मी त्याला थांबवलं आणि शेंगदाणे पुढे ठेवले. एक दाणा. त्याच्या दोन बाजूंनी तीन दाणे लावले की दोन बाय दोनचा चौरस होतो. त्याला पाच लावले की तीन बाय तीनचा. सात लावले की चार बाय चारचा. विषम आकडे क्रमानं मिळवत गेलं की चौरसच का होतो, हे त्याला दिसलं. वर्ग हा शब्द मी उच्चारला नाही. तो येईल त्याच्या इयत्तेत. (चौरस झाले की दाणे आज्जीच्या चटणीत जातात, तेवढी अट आहे.)

सध्या आमचा आवडता खेळ अडुसष्टाचा. आपल्या ग्रामदैवतानं, सिद्धरामेश्वरांनी स्थापलेली ६८ शिवलिंगं आणि त्यांच्या जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेतले सात नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतल्या सजवलेल्या उंच काठ्या, त्याला जानेवारीपासून पाठ आहेत. खेळ असा, कुठूनही सुरू करायचं, दरवेळी सारखंच मिळवायचं, आणि ६८ वर नेमकं पाऊल पडतं का ते बघायचं. शून्यापासून चार-चार, पडतं. आठापासून दहा-दहा, पडतं. शून्यापासून तीन-तीन केलं तर ६६, ६९, हुकलं. सोन्या चिडला, थोडा वेळ कागदाकडे बघत बसला आणि म्हणाला, "मग दोनापासून सुरू करू या!" सुरू केलं. २, ५, ८, असं करत करत ६८ आलंच. उडी तीच, फक्त सुरुवात सरकवली. आता तो मला कोडी घालतो आणि हुकलो की ओरडतो. पाढा घोकून घेणाऱ्या तुझ्या त्या ॲपात हे नाही बघ.

कॅलेंडरही वाया घालवू नकोस. खाली आलं की सात वाढतात, तिरपं उजवीकडे उतरलं की आठ, डावीकडे उतरलं की सहा. ३१ च्या खाली काय, असं त्याला विचारलं तर "अडतीस तारीख नसते" म्हणून खट्टू झाला. मग पुढचं पान काढून दिलं. १ पासून परत मोजायचं म्हणून ३८ मधून ३१ गेले, राहिले ७. बरोब्बर त्याच वाराखाली ७ होते.

तुझ्यासाठी दोन-तीन गोष्टी. एका वेळी दहा मिनिटांच्या वर बसवू नकोस. उत्तर आलं की लगेच शाबासकी देऊ नकोस, आधी नियम विचार. आणि तोच प्रश्न त्यानं तयार करून तुला घातला पाहिजे. घालता आला की समज, त्याला समजलंय.

रविवारी हुतात्मा एक्सप्रेसनं त्याला घेऊन येतो. शेंगाचटणी आणि कडक भाकरी आईनं बांधून ठेवल्यात. तू भिंतीवरच्या कॅलेंडरची जुनी पानं फेकून देऊ नकोस, त्याला ती सगळी हवी आहेत. जावईबापूंना नमस्कार सांग. त्यांनाही एकदा १, २, ४ च्या पुढे काय ते विचार, काय म्हणतात ते मला कळव.

तुझे बाबा