भुताची गोष्ट पोरांच्या हाती द्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मे महिन्यात आमच्याकडे सात नातवंडं जमली होती. एका रात्री वीज गेली. ओटीवर चटया पसरल्या आणि नेहमीची मागणी आली, "आजी, भुताची सांग." मी सांगितली. विहिरीकडून पावलं वाजायला लागली तशी सगळ्यात धाकटी माझ्या मांडीत शिरली आणि गोष्ट संपल्यावर पहिली तीच म्हणाली, "अजून एक." तासाभराने वीज आली. थोरला म्हणाला, आता टीव्हीवर भुताचं काहीतरी बघू. बराच वेळ शोधाशोध झाली. एक तर बालवाडीतलं पोरही ज्यांना भिणार नाही अशी कार्टूनमधली भुतं, नाही तर थेट रक्ताचे सडे. सात ते तेरा वयाच्या त्या टोळीने एकत्र बसून बघावं असं मराठीत काही मिळेना. शेवटी 'मकडी' लावला. तोही हिंदी, आणि २००२ सालचा.

हा सिनेमा मी शाळेत शिकवत असताना मुलांना दाखवला होता. विशाल भारद्वाज यांचा दिग्दर्शक म्हणून हा पहिला सिनेमा. चुन्नी आणि मुन्नी या जुळ्या बहिणी. चुन्नी सतत मुन्नीचं सोंग घेऊन गावाला गंडवणारी. तिच्या खोडीपायी चिडलेला खाटीक चुकून मुन्नीच्या मागे लागतो, मुन्नी पळत पळत पडक्या हवेलीत शिरते आणि तिथली चेटकीण तिची कोंबडी करते. बहीण परत हवी तर शंभर कोंबड्या आणून दे, असा सौदा ठरतो. आता घरी एकटीनेच दोघींची सोंगं वठवायची आणि वर कोंबड्या चोरायच्या! यात भीती आहे, पण तिच्या तळाशी आपल्या हातून घडलेली चूक आहे, आणि ही भीती आठ वर्षांच्या मुलाला अचूक कळते. ताईचा मार चुकवून धाकट्याला पुढे केलेलं नाही असं पोर कोणतं? शबाना आझमींची चेटकीण बघून वर्गातल्या मुली किंचाळल्या होत्या, पण मधल्या सुट्टीत सगळ्यांना चुन्नीच व्हायचं होतं.

हा सिनेमा मुळात मुलांच्या चित्रपटांसाठीच काढलेल्या सरकारी संस्थेसाठी, म्हणजे बालचित्र समितीसाठी बनला होता. समितीला तो पटला नाही. भारद्वाज यांनी तो स्वतःच्या जोरावर प्रदर्शित केला, आणि चुन्नी-मुन्नी दोन्ही वठवणाऱ्या श्वेता बसू प्रसादला बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मुलांचं बघणारी ती समितीही २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली.

आमच्या ओळखीतले काही पालक म्हणतात, असले सिनेमे दाखवून मुलांना अंधश्रद्धाळू कशाला करायचं? प्रश्न रास्त आहे. ज्या राज्यात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला तिथे तो विचारलाच पाहिजे. पण 'मकडी'त शेवटी चेटकिणीचं बिंग फुटतं आणि ते फोडते चुन्नीच. याहून चांगला विज्ञानाचा तास मला तरी तीस वर्षांत घेता आला नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. आपल्याकडे भुताची गोष्ट मुलापासून सुरू होते आणि अर्ध्या वाटेत मोठी माणसं ती काढून घेतात. 'भूतनाथ' (२००८) आठवा. गोव्यातला बंगला, बंकू नावाचा पोरगा आणि त्याला घाबरवू न शकणारं अमिताभ बच्चन यांचं भूत. मध्यंतरापर्यंत पोरं खुर्चीत उड्या मारत होती. मग भुताचा अमेरिकेला गेलेला मुलगा आला, म्हाताऱ्या बापाचं दुःख आलं, श्राद्ध आलं. रडलो आम्ही, मोठी माणसं. बंकू कोपऱ्यात उभा. २०१४ च्या दुसऱ्या भागात तर भूत निवडणुकीलाच उभं राहिलं. त्यात आपल्या पार्थ भालेरावने बच्चनसाहेबांसमोर ज्या सहजपणे काम केलं ते बघून वाटलं, या पोराच्या जिवावर अख्खा सिनेमा का नाही चालत?

'मुंज्या' (२०२४) आला तेव्हा मी फार आशेने गेले. पिंपळावरचा मुंजा हे कोकणातल्या प्रत्येक पोराचं हक्काचं भूत! दिग्दर्शकही मराठी, आदित्य सरपोतदार. पण सिनेमा हिंदी, आणि भूत लग्नासाठी हटून बसलेलं. तिथे मूल आहे ते भुताच्या जागी. त्याला सामोरा जाणारा नायक मोठा झालेला.

मराठीला जमत नाही असं मुळीच नाही. 'किल्ला' सिनेमात मित्र निघून जातात आणि शाळकरी चिन्मय पावसात किल्ल्यावर एकटा उरतो. भूत नाही, काही नाही, तरी माझ्या पोटात गोळा आला होता. रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या' या बालनाट्यातली चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी केली, पुढे वैभव मांगले यांनी केली. नातवाला घेऊन गेले होते तेव्हा तो खुर्चीवर उभा राहून ओरडत होता. म्हणजे रंगभूमीवर चालतं, मग पडद्यावर का अडतं? ('झपाटलेला'तल्या तात्या विंचूने एका पिढीच्या बाहुल्या माळ्यावर धाडल्या हे खरं, पण तिथेही गोष्ट लक्ष्याचीच.)

बाहेरच्या लोकांना ही नस सापडली आहे. २००९ च्या 'कोरालाईन' या बाहुलीपटात आईवडील कामात बुडालेले, आणि भिंतीतल्या छोट्या दारापलीकडे हवं ते रांधून वाढणारी दुसरी आई. फक्त तिच्या डोळ्यांच्या जागी बटणं. शेवटी मुलगीच आईवडिलांना सोडवून आणते. माझी धाकटी सून तो बघून मुलीपेक्षा जास्त गप्प झाली होती.

आता तर २०२३ च्या कायदादुरुस्तीने यूए, म्हणजे मुलांनी पालकांच्या देखरेखीखाली बघायच्या सिनेमांच्या, प्रमाणपत्राचे ७, १३ आणि १६ वर्षांवरील असे गट पाडले आहेत. ओटीटीवरही असेच गट आहेत. बरण्यांवर चिठ्ठ्या छान चिकटवल्या, आत मुलांसाठी घातलं काय? मधली बरणी रिकामी म्हणून दहा वर्षांचं पोर रात्री पांघरुणात मोबाईलवर मोठ्यांचं बघतं आणि दिवसा परसाकडे जायला घाबरतं.

गोष्टी कमी आहेत का? वेंगुर्ल्याजवळ आरवलीला वेतोबाचं देऊळ आहे. देव रात्री गावाच्या राखणीला फिरतो, त्याच्या चपला झिजतात, म्हणून नवस फेडायला लोक भल्या थोरल्या चामडी चपला आणि केळ्यांचा घड वाहतात. भुतांचा राजा आणि गावाचा राखणदार, एकच! त्या चपला शिवणाऱ्या घरातली एखादी मुलगी, रात्रीचा रस्ता, आणि मागून येणारी करकर. कोणी करेल का यावर आठ भागांची मालिका? फक्त पाचव्या भागात मुलीचा काका नायक होणार नाही, एवढं बघा.

ही गोष्ट मी त्या रात्री ओटीवर सांगितली. नातवाने विचारलं, "आजी, वेतोबाच्या चपलेचा नंबर किती?" मला सांगता आलं नाही. आपल्या वाचकांपैकी कोणाला ठाऊक असल्यास कृपया कळवावं, तो रोज विचारतो आहे.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
कुडाळ, जि. सिंधुदुर्ग