गोंदियाचा खडक सह्याद्रीचा नव्हे

महोदय,

गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा-दरेकसा परिसरातील डोंगरांवरचा आपल्या पुरवणीतील लेख वाचला. लेख चांगला आहे, पण तिथला खडक सह्याद्रीतल्यासारखाच काळा पाषाण असल्याचे विधान चुकीचे आहे. सह्याद्रीचा काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट, तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. दरेकशाचा बिजली रायोलाइट आणि त्याला लागून छत्तीसगडात पसरलेला डोंगरगडचा ग्रॅनाइट मात्र सुमारे २५० कोटी वर्षांचे आहेत. बेसॉल्ट आणि रायोलाइट दोन्ही थिजलेला लाव्हाच, म्हणून गल्लत होते. त्यात हा रायोलाइट गुलाबी, तपकिरी, तसाच करडा-काळाही असतो. त्यामुळे रंगावर जाऊ नये.

ताज्या फुटीवर भिंग धरा. बारीक, चकमकीसारख्या घट्ट पिठात फेल्स्पार या खनिजाचे गुलाबी-पांढरे चौकोनी स्फटिक आणि काचेसारखे क्वार्ट्‌झचे गोलसर दाणे विखुरलेले दिसले, तर तो रायोलाइट. बेसॉल्टमध्ये क्वार्ट्‌झचे असे दाणे नसतात. वायूच्या पोकळ्या आणि त्यांत भरलेली पांढरी खनिजे मात्र पुष्कळदा असतात. तरी शंका असेल तर घनता काढावी. तुकडा कोरडा तोलायचा, मग दोरीने बांधून पाण्यात पूर्ण बुडवून, पण तळाला टेकू न देता, पुन्हा तोलायचा. कोरडे वजन ५२० ग्रॅम आणि पाण्यातले ३२० भरले, तर ५२० भागिले दोन वजनांतला फरक २००, म्हणजे २.६; हा रायोलाइट किंवा ग्रॅनाइट. पाण्यात ३४० भरले तर उत्तर २.९ च्या जवळ येते, म्हणजे बेसॉल्ट. झिजलेली साल हातोडीने काढून टाकली नाही, किंवा पोकळ्यांचा तुकडा घेतला, तर बेसॉल्टही हलका भरतो आणि फसगत होते.

आमगावकडच्या नाइसशी, म्हणजे उष्णता आणि दाबाने बदललेल्या पट्टेदार खडकाशी, होणारी गल्लत वेगळी. रायोलाइटातही पट्टे असतात, पण ते घट्ट लाव्हा वाहताना पडलेले: केसासारखे बारीक, स्फटिकाला वळसा घालून जाणारे. नाइसमध्ये काळ्या अभ्रकाचे आणि पांढऱ्या फेल्स्पारचे थर जाड आणि वेगवेगळे झालेले असतात. ग्रॅनाइट आधीचा की रायोलाइट, हे ठरवायला त्यांची सीमा गाठावी. ज्याच्या पोटात दुसऱ्याचे तुकडे अडकलेले, तो नंतरचा. डोंगरगडला ग्रॅनाइट नंतर घुसलेला आहे.

वयाच्या आकड्यांबद्दलही थोडे. जुन्या पुस्तकांत याच खडकांची वये २२० कोटी वर्षांच्या आसपास दिलेली आढळतील. ती रुबिडियम-स्ट्राँशियम पद्धतीची, म्हणजे किरणोत्सारी रुबिडियमचे किती स्ट्राँशियम झाले त्यावरून काढलेली, आहेत. खडकातून नंतर गरम पाणी खेळले की ही मूलद्रव्ये जागा सोडतात आणि वय कमी येते. झिरकॉन या खनिजाच्या स्फटिकातले युरेनियम आणि त्यापासून होणारे शिसे बरेच चिवट, म्हणून आता तेच वय धरतात. पण झिरकॉनही जुन्या खडकातून उचलून आणलेला असू शकतो. त्यामुळे एका दाण्यावर विसंबत नाहीत. अनेक दाण्यांची, दाण्याचा गाभा आणि कड वेगळी मोजून, वये ताडतात.

हे सगळे पोथीतले वाटेल, पण बोअर मारताना ते खिशाला लागते. बेसॉल्टचे प्रवाह एकावर एक बसलेले असतात, त्यामुळे वरचा थर कोरडा निघाला तरी खालच्या दोन प्रवाहांच्या सांध्यात पाणी लागू शकते. ग्रॅनाइट-रायोलाइटात असे सांधे सहसा भरवशाचे नसतात. पाणी मुरमात आणि त्याखालच्या भेगांत. खोल जावे तशा भेगा मिटत जातात. कोरड्या बोअरला 'अजून शंभर फूट' म्हणण्यापेक्षा भेगांचा पट्टा शोधून जागा बदललेली बरी. शिवाय ग्रॅनाइटात फ्लुओराइट आणि अभ्रक ही फ्लोराइड देणारी खनिजे असू शकतात. डोंगरगड पट्ट्यात चांदीडोंगरीला तर फ्लुओराइटचा साठाच आहे. अशा खडकातल्या बोअरचे पाणी पिण्याआधी फ्लोराइडसाठी तपासून घ्यावे. भारतीय मानकानुसार लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत चालते, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. उकळल्याने फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटल्याने प्रमाण वाढते.

पुरवणीच्या पुढील अंकात दुरुस्ती छापावी, ही विनंती.

– भूशास्त्राचा एक अध्यापक, नागपूर